गिरणगावातून पाहिलेले ईलिंगचे चित्रपट

आमचे वडील, म्हणजे अण्णा, कोणतेही नवे कापड हाती आले की ते अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून एकदा चोळून पाहत असत, आणि तसे पाहिल्याशिवाय लग्नात आहेर म्हणून आलेला पँटपीससुद्धा आमच्या घरी ट्रंकेत जात नसे. लालबागच्या चाळीत आमची दहा बाय बाराची खोली होती, आणि अण्णा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांच्या खात्यात, कामाला होते. आमच्याकडे अशा माणसाला विणकर म्हणत नसत, साचेवाला म्हणत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी कॉलेजात होते. त्यानंतर दोनेक वर्षांनी एका फिल्म सोसायटीच्या खेळाला मी ‘द मॅन इन द व्हाइट सूट’ हा १९५१ सालचा ब्रिटिश चित्रपट पाहिला. सभागृहातील लोक मोकळेपणाने हसत होते, कारण चित्रपट विनोदी होता, परंतु कधीही न मळणारे आणि कधीही न फाटणारे कापड शोधून काढणाऱ्या त्या तरुणामागे जेव्हा गिरणीचे मालक आणि गिरणीचे कामगार एकाच वेळी धावू लागले, तेव्हा माझ्या घशात आवंढा आला होता. तो चित्रपट ईलिंग स्टुडिओने काढला होता, आणि त्या दिवसापासून ईलिंगचा जो चित्रपट जिथे पाहायला मिळेल तिथे जाऊन पाहायचा, असे मी ठरवले. त्यांतील जे चित्रपट सर्वांत अधिक लोकांपर्यंत पोहोचले, त्यांच्याविषयी सलगपणे लिहावे असे फार दिवस मनात होते.

ईलिंग हे पश्चिम लंडनमधील एक उपनगर. तिथे १९०२ पासून चित्रीकरण होत आले आहे, आणि बोलपटांसाठी बांधलेला स्टुडिओ १९३१ साली उभा राहिला. पण ‘ईलिंगचा चित्रपट’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे येते, ते घडले मायकेल बॉल्कन या निर्मात्यामुळे. १९३८ साली त्यांनी स्टुडिओची सूत्रे हाती घेतली. त्यांची काम करण्याची पद्धत आपल्याकडील जुन्या नाटक कंपन्यांच्या जवळ जाणारी होती. तेच लेखक, तेच दिग्दर्शक, तेच छायालेखक आणि तेच संकलक वर्षानुवर्षे पगारावर असत. संकलनाच्या टेबलावरून चार्ल्स क्रायटनसारखा माणूस दिग्दर्शनाकडे येई. आणि कोणता चित्रपट काढायचा, याची चर्चा सर्वजण एका टेबलाभोवती बसून करत. दिवसाचे काम संपल्यावर तीच मंडळी स्टुडिओसमोरच्या रेड लायन या पबमध्ये जमत, आणि राहिलेली चर्चा तिथे पुढे चाले. ईलिंगच्या चित्रपटांत एकटा नायक क्वचितच दिसतो. एखादी गल्ली, एखादे बेट, एखादे जहाज किंवा एखादी गिरणी हीच तिथे कथेच्या मध्यभागी असते, आणि माझ्या मते त्याचे मूळ या एकत्र बसण्यात आहे. चाळीत वाढलेल्या माणसाला ते जग समजावून सांगावे लागत नाही.

लोकप्रियतेचा विचार करताना एक गोष्ट आधी नोंदवायला हवी. ज्या चित्रपटांनी त्या त्या वर्षी ब्रिटनमध्ये सर्वाधिक प्रेक्षक खेचले आणि ज्या चित्रपटांमुळे आज ईलिंगचे नाव घेतले जाते, ते चित्रपट एकच नाहीत. १९५० साली ब्रिटिश तिकीटबारीवर आघाडीवर होता तो ‘द ब्लू लॅम्प’, आणि १९५३ साली तोच मान ‘द क्रुएल सी’ला मिळाला, हे दोन्ही गंभीर चित्रपट आहेत. पहिला लंडनच्या पॅडिंग्टन भागातील पोलीस चौकीची कथा सांगतो. तिची पटकथा लिहिणारे टी. ई. बी. क्लार्क यांनी युद्धकाळात स्वतः पोलीस शिपायाचे काम केलेले असल्यामुळे चौकीतील चहा, गाण्याची तालीम आणि गस्तीवरची थंडी खरी वाटते. जॅक वॉर्नर यांनी रंगवलेला जॉर्ज डिक्सन हा निवृत्तीला आलेला शिपाई चित्रपटाच्या मध्यावरच एका तरुण गुन्हेगाराच्या गोळीने मरतो. प्रेक्षकांना तो इतका प्रिय झाला की १९५५ मध्ये बीबीसीने त्याला पुन्हा जिवंत करून दूरदर्शन मालिका सुरू केली, आणि ती १९७६ पर्यंत चालली. ‘द क्रुएल सी’मधील एक प्रसंग मात्र मी विसरू शकत नाही. शत्रूची पाणबुडी नेमकी त्याच जागी पाण्याखाली असल्याची खूण मिळाली आहे, जिथे बुडालेल्या जहाजातील आपलेच खलाशी पोहत मदतीची वाट पाहत आहेत. आणि कप्तान तिथेच स्फोटके टाकण्याचा हुकूम देतो. जॅक हॉकिन्स यांचा त्या वेळचा चेहरा पाहिल्यावर युद्धाच्या शौर्यगाथा पुढे बराच काळ मला सहन होत नव्हत्या.

तरीही जगाने ईलिंग लक्षात ठेवले ते विनोदी चित्रपटांसाठी, आणि त्यांतील तीन चित्रपट १९४९ सालच्या एप्रिल ते जून या तीन महिन्यांत पडद्यावर आले.

त्या तिघांपैकी ‘पासपोर्ट टू पिम्लिको’ मला सर्वांत जवळचा आहे. युद्धात पडलेला आणि न फुटलेला एक बॉम्ब लंडनच्या पिम्लिको भागात अचानक फुटतो, खड्ड्यात जुना खजिना सापडतो, आणि त्यासोबत चौथ्या एडवर्ड राजाची एक सनदही सापडते. तिच्यानुसार तो भाग इंग्लंडचा नसून बर्गंडीच्या ड्यूकचा ठरतो. परदेशच झाल्यावर इंग्लंडचे कायदे लागू कसे होणार? गल्लीतील लोक शिधापत्रिका फाडून टाकतात, पब रात्रभर उघडा राहतो, काळाबाजारवाले चहूकडून येऊन पोहोचतात, आणि मग सरकार गल्लीच्या तोंडाशी काटेरी तारा लावून पारपत्रे तपासू लागते. या कल्पनेचे बीज क्लार्क यांना एका खऱ्या घटनेत मिळाले होते. १९४३ साली नेदरलँड्सच्या राजकन्येचा जन्म कॅनडात, ओटावाच्या रुग्णालयात व्हायचा होता, आणि बाळाला केवळ डच नागरिकत्व मिळावे म्हणून तेथील सरकारने प्रसूतिकक्ष तेवढ्यापुरता कॅनडाच्या हद्दीबाहेरचा ठरवला होता.

हा चित्रपट ज्या प्रेक्षकांनी प्रथम पाहिला, त्यांच्याकडे युद्ध संपून चार वर्षे झाल्यावरही शिधापत्रिका होत्या. ब्रिटनमधील शिधावाटप १९५४ मध्ये पूर्णपणे संपले. मुंबईतही शिधावाटप युद्धकाळात, १९४३ साली सुरू झाले होते, परंतु माझ्या पिढीला रेशनची खरी ओळख झाली ती १९७२च्या दुष्काळात. तेव्हा मी सात-आठ वर्षांची होते, आणि आई मला रेशनच्या दुकानापुढील रांगेत पिशवी देऊन उभी करत असे. त्या पिशवीतून घरी येणाऱ्या अमेरिकेच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी तव्यावरच तुटत असे, आणि ती घशाखाली उतरवण्यासाठी आम्हा भावंडांना पाणी प्यावे लागे. म्हणून चित्रपटात वेढलेल्या पिम्लिकोवासीयांना उपाशी राहू द्यायचे नाही म्हणून बाहेरचे लंडनकर तारांवरून पाव आणि भाज्या आत फेकू लागतात, तेव्हा मला आमच्या चाळीतील शेजारणी आठवतात. महिनाअखेरीला त्या एकमेकींच्या दारातून वाटीभर साखर किंवा पीठ नेत, आणि त्याचा हिशेब कोणी ठेवत नसे. चित्रपटाचा शेवटही खोटा नाही. पिम्लिको पुन्हा इंग्लंडमध्ये सामील होते, सर्वांना नव्या शिधापत्रिका मिळतात, भर उन्हाळ्यात चाललेल्या त्या मेजवानीवर थंडगार पाऊस कोसळतो, आणि लोक पावसाला पाहून आपण घरी परतलो म्हणून आनंदतात. ज्या नियमांचा जाच होता, तेच नियम परत घेताना माणसांचे चेहरे का उजळावेत, हे दिग्दर्शक हेन्री कॉर्नेलियस यांनी शब्दांत कुठेही सांगितलेले नाही.

‘व्हिस्की गलोर’ हा अलेक्झांडर मॅकेन्ड्रिक यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला कथापट, आणि तो स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बारा बेटावर प्रत्यक्ष जाऊन चित्रित केलेला आहे. फेब्रुवारी १९४१ मध्ये एसएस पॉलिटिशियन हे जहाज एरिस्के बेटाजवळ खडकावर आदळले. त्यावर व्हिस्कीच्या दोन लाखांहून अधिक बाटल्या होत्या, आणि बेटावरील लोकांनी त्यांतल्या हजारो बाटल्या रात्रीबेरात्री होड्यांतून उतरवून घेतल्या. काही जणांना त्यासाठी तुरुंगातही जावे लागले. यावर कॉम्प्टन मॅकेन्झी यांनी कादंबरी लिहिली, आणि तिच्यावरून हा चित्रपट झाला. त्यातील सर्वांत सुंदर भाग जहाज आदळल्यानंतरचा आहे. महिनोन्महिने व्हिस्कीचा थेंब न मिळालेले बेट होड्या काढणार, एवढ्यात मध्यरात्रीचे ठोके पडतात आणि रविवार लागतो. त्यांच्या धर्माप्रमाणे रविवारी कोणतेही काम करता येत नाही. समोर समुद्रात जहाज हळूहळू बुडत आहे आणि सगळे गाव काळे कपडे घालून किनाऱ्यावर त्याच्याकडे पाहत दिवसभर उभे आहे, पण नियम मोडण्याचा विचार एकाच्याही मनात येत नाही. संकष्टीला चंद्रोदयाची वाट पाहत ताट झाकून बसलेली माझी आजी ज्यांनी पाहिली असती, त्यांना ते गाव लगेच कळले असते.

योगायोग असा की त्याच १९४९ साली मुंबई प्रांताने दारूबंदीचा कायदा केला. आमच्या लहानपणी हातभट्टीच्या गुत्त्यांविषयी मोठी माणसे आवाज खाली आणून बोलत, आणि डॉक्टरांच्या दाखल्यावर परमिट मिळवलेले साहेब लोक वेगळे असत. बेटावरील लोक अबकारी अधिकारी येताच पाळण्यातल्या बाळाच्या खाली बाटली दडवतात, हे पाहून मुंबईत हसू येते, पण हातभट्टीने उद्ध्वस्त झालेली दोन घरे माझ्याच मजल्यावर होती, म्हणून ते हसू मला पूर्ण हसता येत नाही. बुडालेल्या जहाजाची आमची स्वतःची आठवण याहून फार भयंकर आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाला आग लागून त्याचा स्फोट झाला, तेव्हा शेकडो माणसे मेली, आणि जहाजातील सोन्याच्या विटा शहरावर उडाल्या. त्यातील एक वीट दूरवरच्या घरात पडल्याची हकिगत आजोबा सांगत, पण त्याआधी ते नेहमी मेलेल्या माणसांविषयी सांगत.

तिसरा चित्रपट ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने १९९९ साली शतकातील शंभर ब्रिटिश चित्रपटांची यादी केली, तेव्हा ईलिंगच्या चित्रपटांत सर्वांत वरचे, सहावे स्थान याला मिळाले. इटालियन गायकाशी लग्न केले म्हणून सरदार घराण्याने टाकून दिलेल्या आईचा मुलगा, आपल्या आणि जहागिरीच्या मध्ये असलेल्या वारसांना एकामागून एक संपवत जातो. भाऊबंदकी हा शब्द ज्या भाषेत घडला, त्या भाषेच्या वाचकांना हा विषय नवा नाही. घराण्यातील आठही माणसे, त्यात एक स्त्रीही आली, एकट्या अलेक गिनेस यांनी रंगवली आहेत. एका दृश्यात त्यांपैकी सहा जण एकत्र दिसतात. त्यासाठी छायालेखक डग्लस स्लोकोम यांनी कॅमेरा जागच्या जागी पक्का बसवून, भिंगाचा एकेक भाग उघडत, तीच फिल्म पुन्हा पुन्हा फिरवली, आणि कॅमेरा कोणाच्या धक्क्याने केसभरही हलू नये म्हणून ते रात्री स्टुडिओतच झोपले. दिग्दर्शक रॉबर्ट हेमर यांची भाषा रेशमासारखी आहे आणि कारागिरी निर्दोष आहे, हे मान्य करूनही हा चित्रपट मला थंड वाटतो, कारण यात शेजारी कोणी नाहीत.

‘द लॅव्हेंडर हिल मॉब’ १९५१चा. वीस वर्षे बँकेचे सोने इमानाने पोहोचवणारा कारकून एके दिवशी तेच सोने पळवतो आणि वितळवून आयफेल टॉवरच्या छोट्या प्रतिकृतींच्या रूपाने पॅरिसला पाठवतो. क्लार्क यांना या पटकथेसाठी ऑस्कर मिळाले. फोर्ट भागातील बँकांतून रोज ठरावीक गाडीने घरी परतणारी, हातातला डबा आणि छत्री कधी न विसरणारी अनेक माणसे मी पाहिली आहेत, आणि गिनेस यांनी त्या कारकुनाच्या डोळ्यांत जे दडपलेले स्वप्न दाखवले आहे, ते मला त्या गर्दीतही दिसल्यासारखे वाटते.

‘द लेडीकिलर्स’ १९५५ साली आला, आणि त्याच वर्षी स्टुडिओची वास्तू बीबीसीला विकली गेली. बॉल्कन यांनी दुसऱ्या स्टुडिओत जाऊन आणखी काही चित्रपट काढले आणि १९५९ मध्ये ते पर्व संपले, पण खरा निरोप मला ‘द लेडीकिलर्स’मध्येच दिसतो. रेल्वेच्या बोगद्यावरच्या एका कलत्या घरात एकटी राहणारी वृद्ध विधवा खोली भाड्याने देते. पाच दरोडेखोर संगीताच्या तालमीचे निमित्त करून तिथे राहतात, तबकडी लावून आपण वाद्ये वाजवत असल्याचा भास निर्माण करतात, आणि ती बाई दर थोड्या वेळाने दार वाजवून चहा हवा का म्हणून विचारते. तिला गप्प करण्यासाठी आपल्यापैकी कोणी तिला मारायचे, याच्या चिठ्ठ्या टाकल्या जातात, परंतु तिच्यावर हात कोणालाच टाकता येत नाही आणि ते पाचही जण परस्परांतच संपून जातात. त्या विधवेची भूमिका करणाऱ्या केटी जॉन्सन तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या होत्या, आणि तिच्याबद्दल त्यांना ब्रिटिश अकादमीचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. पुनर्विकासाच्या बैठकांत सर्वांत मागच्या खुर्चीवर बसून, पदर सावरत, एकच साधा प्रश्न विचारणाऱ्या म्हाताऱ्या बायका मी लालबाग-परळमध्ये पाहिल्या आहेत. भलेभले त्यांच्यापुढे निरुत्तर झालेलेही मी पाहिले आहे.

आता ज्या चित्रपटापासून मी सुरुवात केली, त्याच्याकडे वळते. ‘द मॅन इन द व्हाइट सूट’ पुन्हा पाहण्याची संधी मला पंचवीस वर्षांनी, घरच्या संगणकावर मिळाली. तेव्हा शेजारी अण्णा बसले होते आणि मी त्यांना प्रत्येक संवाद मराठीत सांगत होते. चित्रपटाचा नायक सिडनी स्ट्रॅटन उत्तर इंग्लंडमधील गिरण्यांत हमालीचे काम करत, चोरून प्रयोगशाळेत शिरत असतो. पुढे एका गिरणीच्या प्रयोगशाळेत गैरसमजाने त्याला प्रवेश मिळतो आणि तो तिथे बिनपगारी काम करू लागतो. हे कळताच अण्णा म्हणाले, “म्हणजे हा बदली कामगाराच्याही खालचा.” पुढे युनियनवाली बर्था त्याला बजावते की चहाच्या सुट्टीत काम करायचे नाही, ही सुट्टी आम्ही भांडून मिळवलेली आहे, त्यावर अण्णा इतके प्रसन्न हसले की मला चित्र थांबवावे लागले.

त्या धाग्याची कल्पना हवेतली नव्हती. १९४१ साली मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनमध्ये काम करणाऱ्या व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोन रसायनशास्त्रज्ञांनी टेरिलीनचा शोध लावला होता, आणि आपल्याकडे पुढे त्याच टेरिलीनच्या सदऱ्यासाठी माणसे पैसे साठवत. इस्त्री नको, पटकन वाळतो, वर्षानुवर्षे टिकतो, हे त्याचे गुण अण्णा सांगत, आणि ते सांगताना त्यांच्या आवाजात कौतुक आणि काळजी दोन्ही असे, कारण सुती कापड विणणाऱ्या साच्यांवर आमचे घर चालले होते. चित्रपटात सिडनीने शोधलेले कापड इतके चिवट असते की ते कात्रीने कापता येत नाही, आगीच्या ज्योतीने कापावे लागते. मालकांना लगेच कळते की कपडा फाटलाच नाही तर दुसरा कोणी विकत घेणार नाही, आणि कामगारांना कळते की मग साचे बंद पडतील. दोघे एकत्र येतात. मॅकेन्ड्रिक यांनी कोणाचीही बाजू सोपी केलेली नाही: सिडनी निरागस आहे, पण आपल्या शोधामुळे कोणाची चूल विझेल, हा प्रश्न त्याला एकदाही पडलेला नसतो.

तो प्रश्न त्याला विचारते ती त्याची घरमालकीण, जी लोकांचे कपडे धुऊन चार पैसे मिळवते. रात्रीच्या अंधारात, तो जीव वाचवत पळत असताना, ती त्याला विचारते की तुम्ही शास्त्रज्ञ लोक आहे ते तसेच का राहू देत नाही, धुण्यासारखे काही उरलेच नाही तर माझ्या धुण्याच्या कामाचे काय होणार. ते वाक्य मी मराठीत सांगितल्यावर अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. संप मोडल्यावर, आई जेवणाचे डबे करून देत असे आणि अण्णा एका इमारतीच्या दारावर रात्रपाळीला बसत, त्या वर्षांविषयी आमच्या घरात कधीच बोलणे झालेले नव्हते.

शेवटी तो चमकणारा पांढरा सूट लोकांच्या हातात आपोआप तुटू लागतो, कारण धाग्याची रचनाच टिकाऊ नसते, आणि अंगावरचे कापड गळून पडलेल्या सिडनीला पाहून मालक व कामगार दोघेही सुटकेने हसतात. दुसऱ्या दिवशी तो आपली वही उघडून काही वाचतो, त्याला चूक कुठे झाली ते उमगते, आणि तो ताठ मानेने चालू लागतो. त्याच्या मागे प्रयोगशाळेतील नळ्यांचा तो बुडबुड असा ओळखीचा आवाज पुन्हा सुरू होतो. अण्णांनी मला ते दृश्य मागे नेऊन परत दाखवायला सांगितले. नंतर ज्या ठिकाणी ते पांढरे कापड पहिल्यांदा पडद्यावर येते, तिथेही त्यांनी चित्र थांबवायला लावले, पुढे सरकून संगणकाच्या काचेजवळ डोळे नेले, आणि अंगठा व तर्जनी एकमेकांवर हलकेच चोळत विचारले, “याची वीण कोणती असेल गं?”